गरम पाण्यापायी तज्ज्ञ

संभाजीनगरहून आल्यापासून आमच्या बचत गटातल्या बाया एकच विचारतात. वेरूळ पाहिलं का? नाही. अजिंठा? नाही. मग पाच दिवस तिथे करत काय होतीस? मी खरं ते सांगितलं, मुलाखती घेत होते. त्यावर आमच्या अध्यक्षीणबाई हसता हसता खुर्चीवरून खाली बसल्या. म्हणून आता लिहूनच ठेवते. ज्यांना जायला मिळालं नाही त्यांनी वाचावं, आणि ज्यांना खोटं वाटतं त्यांनी घरी येऊन शाल बघावी.

बाहेरच्या कोणाच्या हाती हे पडलं तर आधी मी कोण ते सांगते. मी पाचवी शिकलेली. गोंदिया जिल्ह्यात तळ्याच्या काठी आमचं गाव, आम्ही ढिवर, मासे आणि शिंगाडे यांवर जगणारे. आई शिंगाडे काढायला पाण्यात उतरायची तेव्हा धाकट्या भावाला कोणी धरायचं, म्हणून माझी शाळा सुटली. आता त्याच शाळेत मी खिचडी शिजवते, म्हणजे परत शाळेत गेले असं म्हणायला हरकत नाही. तो धाकटा भाऊ मोठा झाला, त्याला वैशाली झाली, आणि वैशाली शिकायला लागली ती थांबलीच नाही. तळ्याच्या गाळात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, त्यांच्यावर तिने डॉक्टरेट घेतली.

डॉक्टर झाल्यावरही लगेच नोकरी नसते, हे मला ठाऊक नव्हतं. पक्की प्राध्यापकी मिळेपर्यंत दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत काम करायचं, त्याला पोस्टडॉक म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर साक्षगंध झालं, लग्नाची तारीख नाही. वैशालीचं साक्षगंध होऊन चार वर्षं झाली होती. मध्ये दोन मुलाखती झाल्या आणि दोन्हीकडे तेच. टेबलामागून पाच माणसं बघायला लागली की हिची वाचा जाते. घरी ही चौघींचं एकटी बोलते, आणि तिथे स्वतःच्या गाळाबद्दल एक शब्द निघत नाही. आता तिसरी मुलाखत आली होती. प्रयोगशाळेतली तिची मुदत संपत आली होती, ही संधी गेली तर टेबल रिकामं करून घरी या, असं तिला स्पष्ट सांगितलेलं होतं.

त्या मुलाखतीच्या आधी संभाजीनगरला पाच दिवसांचं शिबिर होतं. ज्यांच्या घरात, गावात, जातीत आजवर कोणी प्राध्यापक झाला नाही किंवा क्वचित झाला, अशा पोस्टडॉक पोरापोरींना प्राध्यापकीसाठी तयार करायचं शिबिर. वैशालीची मिनू नऊ महिन्यांची, अंगावर पिणारी. जावई परराज्यात कामाला. वैशाली म्हणाली, "आत्या, तू चाल. पोरीले धरून बसजो, बाकी तुले काही करा लागत नाई."

हे शेवटचं वाक्य तेवढं लक्षात ठेवा.

नोंदणीचं टेबल

गाडीचं काही सांगत नाही, गाडी सगळ्यांनी पाहिलेली आहे. उतरलो तेव्हा सकाळ होती आणि थंडी अशी कोरडी की बोलताना ओठ फुटले. आमच्याकडे थंडी तळ्यावरून येते, ओली असते. इथे ती दगडातून येते.

शिबिर एका संस्थेच्या विश्रामगृहात होतं. दारातच टेबल टाकून सलीमभाई बसले होते. हे सिल्लोडचे, तिथे कंत्राटावर कारकून. स्वेटर, त्यावर जाकीट, त्यावर मफलर. थंडीची धास्ती त्यांना माझ्याहून जास्त.

"सहभागी कोण?"

वैशालीने हात वर केला.

"आन ह्या?"

"माझी आत्या. बाळाला सांभाळायला."

त्यांनी यादी वरून खाली, खालून वर पाहिली. "सांभाळायला असा रकानाच नाय. सहभागी, तज्ज्ञ, निरीक्षक. बस्स." मग त्यांनी मिनूकडे पाहिलं, आणि मिनूने त्यांचा मफलर धरला. "सहभागींच्या खोल्या तिसऱ्या मजल्यावर. तिथं गरम पाणी नाय. लेकराला आंघोळ कशी घालणार? गिझर फक्त तज्ज्ञांच्या खोलीत."

"मागच्या अंगणात चूल मांडते मी," मी म्हटलं. "तीन दगड मिळतील ना?"

"मावशी, हे विश्रामगृह हाय. इथं तुम्ही चूल पेटवली तर साहेब मला पेटवतील."

मफलर सुटेना. मिनूचे पंजे तिच्या आज्यावर गेलेत, धरलेलं सोडत नाहीत. सलीमभाई तसेच वाकून विचार करत राहिले. "एक तज्ज्ञ आजारी पडलेत, त्यांची खोली रिकामी हाय. नाव सांगा मावशी."

"यमुना."

"विषय काय लिहू?"

"मी शाळेत खिचडी शिजवते."

त्यांनी लिहिलं, पोषण. याला खोटं म्हणता येत नाही. मग मशीनमधून गळ्यात घालायचं कार्ड निघालं. डॉ. यमुनाबाई. तज्ज्ञ. पोषण.

"डॉक्टर काऊन लिहिलं हो?" मी विचारलं.

"मी नाय लिहिलं. तज्ज्ञ म्हटलं की मशीनच लावतं. काढता येत नाय. मागच्या साली साहेबांच्या ड्रायव्हरला बी लावलं होतं, त्यानं अजून जपून ठेवलंय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "कार्ड फक्त चावीसाठी दाखवा. बाकी कुणाशी काय बोलू नका. माझं कंत्राट मार्चपर्यंतच हाय."

वैशाली म्हणाली, "आत्या, हे बरं नाई दिसत." तेवढ्यात मिनू शिंकली आणि चर्चा संपली.

गिझरबद्दल लिहायलाच पाहिजे. तोटी फिरवली की वाफा. लाकूड नाही, धूर नाही. मिनूला आंघोळ घालताना मी सलीमभाईंच्या आईवडिलांना, त्या आजारी तज्ज्ञाला आणि मशीनलाही हात जोडले. मी अशीच आहे. कोणी काही दिलं की मला आधी भीती वाटते आणि मग रडू येतं.

दुपारी उद्घाटन. मी मिनूला घेऊन शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसले, रडली तर बाहेर नेता यावं म्हणून. शिबिराच्या प्रमुख पाटणकर मॅडम. निवृत्त प्राध्यापिका, सुती साडी, त्या चालायला लागल्या की वाटेतली माणसं आपोआप बाजूला होतात. त्यांची नजर माझ्या कार्डावर पडली.

"हे काय, तज्ज्ञ मागे? चला, चला."

मी म्हटलं, बाळ आहे. त्या म्हणाल्या, "असू द्या. बायकांनी करिअर आणि घर दोन्ही कसं सांभाळायचं ते पोरींना दिसू द्या." आणि मला थेट मंचावर नेऊन बसवलं.

समई काही पेटेना. वर पंखा सुरू, तो बंद करायचं बटण कोणाला सापडेना. पाहुण्यांनी तीन मेणबत्त्या विझवल्या. मला ते बघवेना. मिनूला पाटणकर मॅडमच्या मांडीवर दिलं, वात मागे ओढली, तिच्या टोकाला तेल चोळलं, पदराचा आडोसा केला आणि पेटवली. शाळेतला गॅस संपला की मी ओल्या बाभळीवर खिचडी शिजवते, मला समईचं काय. टाळ्या अशा वाजल्या की मिनू घाबरून रडली.

मग शाल, नारळ आणि पुस्तक. मग पाटणकर मॅडम माईकवर म्हणाल्या, तज्ज्ञांनी दोन शब्द बोलावेत.

समोर एकतीस डॉक्टर बसलेले, सगळ्यांच्या हातात पेन. मी म्हटलं, "जेवण वेळेवर करा." पुढे काही सुचेना, म्हणून बसले. खाली एकतीस माना वाकल्या आणि सगळ्यांनी ते वहीत लिहून घेतलं. वैशालीनेही लिहिलं. तिचे खांदे हलत होते, म्हणून ती मान वर करत नव्हती.

दार

दुसऱ्या दिवशी मला वाटलं विज्ञान सुरू होईल. सुरू झालं दार.

पाटणकर मॅडमचं म्हणणं असं की माणूस मुलाखतीत खुर्चीवर बसायच्या आधी, दारातच नापास होतो. ज्यांच्या घरी प्राध्यापक आहेत त्यांची पोरं लहानपणापासून असल्या खोल्यांत जातयेत असतात, त्यांना दाराचं काही वाटत नाही. तुम्हाला वाटतं. म्हणून सराव. एकेकाने बाहेर जायचं, दार वाजवायचं, आत येऊ का विचारायचं, यायचं, थांबायचं, बसा म्हटल्यावर बसायचं. दोन तास. दार चौकटीत घट्ट बसायचं, त्याला खांदा लावल्याशिवाय उघडायचं नाही, त्यामुळे प्रत्येक डॉक्टर आत येताना थोडा पडत यायचा.

"परत जा," मॅडम म्हणायच्या. "पडायचं नाही. परत."

मी बाजूला मिनूला खेळवत बसले होते आणि मला सारखं ओळखीचं वाटत होतं. मग कळलं. हा मुलगी बघण्याचा कार्यक्रम. पदर नीट, नजर फार वर नाही, फार खाली नाही, विचारलं तेवढंच सांग, पण सांग. चहाचा ट्रे तेवढा नव्हता. फरक एवढाच की इथे पोरंही चालून दाखवत होती, त्याचं मला बरं वाटलं.

नंदुरबारकडचा दिलीप म्हणून एक उंच, हसरा मुलगा होता, तो ताऱ्यांवर काम करतो. त्याच्या पाड्यातला तो पहिला पदवीधर. तो सहा वेळा आला. सहाव्यांदा दार उघडंच ठेवलं होतं, तरी सवयीने खांदा लावला आणि थेट टेबलापर्यंत पोचला.

वैशालीचा नंबर आला. ती बाहेर गेली. आम्ही वाट पाहिली. दार वाजलं नाही. मॅडमनी दार उघडून पाहिलं तर ती हात वर करून तशीच उभी, वाजवण्याच्या तयारीत.

"काय झालं?"

"वाजवतेय, मॅडम."

मॅडम तिच्यावर रागावल्या नाहीत. नुसत्या म्हणाल्या, "उद्या पुन्हा करू." पण रात्रीच्या जेवणाला वैशालीने ताट पुढे सरकवलं ते मी पाहिलं. तिची खरी मुलाखत पुढच्या आठवड्यात होती.

नान, खलिया आणि एक दरवाजा

तिसऱ्या दिवशी दुपारी सुट्टी मिळाली. सलीमभाई म्हणाले, शहरात आलात आन नान-खलिया खाल्ला नाय तर मला पाप लागल. त्यांनी ओळखीच्या रिक्षावाल्याला बोलावलं आणि मी, मिनू, वैशाली, दिलीप असे निघालो. पुढे रिक्षावाल्याच्या बाजूला अर्धे सलीमभाई.

जुन्या बाजारात भट्टीतून नान निघत होत्या. आमच्या पोळीच्या चौपट, जाड, मऊ, वरून हळदीच्या पाण्याचा पिवळा हात फिरवलेला. खलिया म्हणजे मटणाचा पातळ रस्सा, वर लाल तवंग, आत मसाला इतका बारीक की काय काय घातलं ते जिभेला सांगता येत नाही. मी बोटं चाटली. पण आमच्याकडे भाताशिवाय जेवण झालं असं पोटाला वाटत नाही, म्हणून मी भीत भीत भात मागितला. वाढणाऱ्या चाचांनी माझ्याकडे काळजीने पाहिलं. "तबियत ठीक नाय का?"

"ठीक आहे."

"मग भात कशाला?"

सलीमभाईंनी त्यांना सांगितलं की त्या तिकडं, झाडीच्या मुलखाकडच्या आहेत, तिकडं निरोगी माणसं बी भात खातात. चाचा आत जाऊन कुठून तरी वाटीभर भात घेऊन आले आणि मी पूर्ण खाईपर्यंत शेजारी उभे राहिले. मी त्यांचेही आभार मानते.

या शहरात जुने दगडी दरवाजे जागोजागी आहेत. भिंती कधीच्या पडून गेल्या, दरवाजे राहिले. दरवाजाच्या डावीकडूनही रस्ता, उजवीकडूनही रस्ता, तरी निम्मं शहर दाटीवाटीने मधूनच जातं. आमच्या गावात एकाही घराला फाटक नाही, इथे फाटक आहे आणि घर नाही.

अशाच एका दरवाजापाशी दिलीपला सराव सुचला. त्याने शर्टाचं वरचं बटण लावलं, कमानीखाली उभा राहिला आणि म्हणाला, "आत येऊ का, सर?"

आमचा रिक्षावाला पान चघळत होता. "या ना," तो म्हणाला. "कुणी धरलंय?"

आम्ही हसलो. मग दिलीपने वैशालीला ओढलं. ती कमानीखाली गेली, उभी राहिली, आणि तिचा चेहरा मला दिसला. तोच चेहरा. मागे दोन मोटारसायकली, एक पेरूचा गाडा आणि एक टेम्पो थांबला. टेम्पोने भोंगा दिला. ती हलेना, बोलेना.

"आत्या," ती हळूच म्हणाली, "माझ्यानं इथंबी होत नाई व."

वाहतुकीचा हवालदार आला. त्याने मागची रांग पाहिली, वैशालीला पाहिलं. "ताई, आत जायचंय का भाईर? कायबी करा, पण एक ठरवा."

दिलीपने तिला हाताला धरून बाजूला घेतलं. परत येताना रिक्षात मिनू सलीमभाईंचा मफलर चोखत होती.

पाच

चौथ्या दिवशी खोट्या मुलाखती. खऱ्यासारखं टेबल, पाण्याचे ग्लास, झाकण्या, गुणांचे कागद. निवड समितीत पाच जण लागतात आणि आले होते चौघंच. एक पाटणकर मॅडम, एक टक्कल असलेले सर, एक सारखा चष्मा पुसणारे सर आणि एक बाई. पाचवे म्हणजे ते आजारी पडलेले, ज्यांच्या गिझरच्या पाण्यात मिनू रोज आंघोळ करत होती.

चष्म्याचे सर म्हणाले, "सराव तर आहे, चौघं पुरे."

"पाचाशिवाय समिती होत नाही," पाटणकर मॅडम म्हणाल्या. "खोटी असली तरी नियमाने. सरावातच नियम मोडला तर ही पोरं पुढे काय शिकतील?" आणि त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मी व्हरांड्यात मिनूचं दुपटं वाळत घालत होते.

मी तेव्हा सगळं सांगून टाकलं. नाव घेतलं नाही सलीमभाईंचं, पण स्वतःचं सांगितलं. "मॅडम, मी पाचवीपर्यंत शिकलेली आहे. मला यातलं काही म्हणता काही कळत नाही."

मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मोठी माणसं असंच बोलतात. आमचे गाईड शेवटपर्यंत म्हणायचे, मला काही कळत नाही. चला, उशीर होतोय."

मिनूला सलीमभाईंकडे देऊन मी पाचव्या खुर्चीवर बसले. वैशाली तेव्हा वर खोलीत वाचत होती, तिला यातलं काही ठाऊक नव्हतं.

पहिला दिलीप. चौघांनी इंग्रजीतून प्रश्न विचारले. मी मान हलवत नव्हते, कारण चुकीच्या ठिकाणी हलली तर त्याचं नुकसान व्हायचं. म्हणून नुसती त्याच्या तोंडाकडे बघत बसले. त्याला घाम फुटला. मला तो ओळखत होता, आदल्या दिवशी माझ्या शेजारी बसून हाड चोखत होता, पण टेबलामागे बसलं की माणूस वेगळाच दिसत असावा.

"तज्ज्ञ मॅडम, तुम्ही एक तरी विचारा," पाटणकर मॅडम म्हणाल्या.

मला सुचेल तेच सुचणार. "जेवलात का?"

दिलीप थांबला. पाणी प्यायला. म्हणाला, "मॅडम, प्रश्न फार मूलभूत आहे." मग तो बराच वेळ बोलला. संशोधकाने स्वतःकडे कसं पाहावं, समाजाने संशोधकाकडे कसं पाहावं, याचं उत्तर हो आणि नाही असं दोन्ही देता येईल. चौघांनी लिहून घेतलं. त्याच्या पोटातून गुरगुर आली ती फक्त मला ऐकू आली. तो जेवला नव्हता.

ही बातमी बाहेर पसरली. दुसरी मुलगी आली ती सकाळच्या दोन पोळ्या आणि वाटीभर वरणातल्या प्रथिनांचा हिशेब पाठ करून. तिसऱ्याने मलाच उलट विचारलं की प्रश्न एका व्यक्तीपुरता आहे की लोकसंख्येबद्दल. पाचवी आली तिच्या ओठाला पोहे लागलेले होते. कँटीनवाल्याने त्या सकाळी दुसरं पातेलं चढवलं, असं नंतर कळलं.

गुणांचं मी असं केलं. शाळेत मी सगळ्या पोरांना एकच पळी वाढते. इथेही सगळ्यांना वीसपैकी अठरा. दोन हातचे ठेवले, मागाहून कोणी आलं तर.

नवव्या नंबरला वैशाली. दाराला खांदा लागला, दार उघडलं, ती न पडता आली. मला पाहिलं. तिचे डोळे एवढे झाले. तरी बसली.

"तुमच्या संशोधनाबद्दल थोडक्यात सांगा," टकलाचे सर म्हणाले.

वैशालीने तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं.

"वेळ घ्या," पाटणकर मॅडम म्हणाल्या.

वैशालीने वेळ घेतला. घड्याळाचा काटा ऐकू यायला लागला. तिचा अंगठा बोटांवर फिरत होता, लहानपणी ताप आला की फिरायचा तसा. असंच दोनदा झालं होतं, आणि पुढच्या आठवड्यात असंच तिसऱ्यांदा होणार, हे तिला कळत होतं आणि मलाही. चष्म्याच्या सरांनी कागदावर काहीतरी लिहायला घेतलं.

"तज्ज्ञ मॅडम, तुम्ही विचारून बघा."

जेवलीस का विचारायची सोय नव्हती, सकाळी मीच तिला वरणभात भरवला होता. दुसरं विचारायचं तर आत्या म्हणूनच विचारावं लागलं असतं, आणि मग शाल, गिझर, सलीमभाईंचं कंत्राट, सगळं उघडं पडलं असतं. मी हे सगळं विचारात घेतलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. तोंड आधी उघडलं.

आमच्या घरी एक जुनं भांडण आहे. तळ्याच्या गाळातून बुडबुडे येतात, ते खालचे खेकडे श्वास सोडतात म्हणून, असं मी म्हणते. माझी आई म्हणायची म्हणून मी म्हणते. हे वाक्य ऐकलं की वैशाली ताटावरून उठून भांडते.

मी म्हटलं, "वैशू, गाळातले बुडबुडे म्हणजे खेकडेच ना व?"

"नाई व आत्या," ती म्हणाली. "किती खेपा सांगू तुले? खेकडे नाई, खेकडे नाई, खेकडे नाई. पानं सडून खाली बसतात, तिथं हवा पोचत नाई. त्या जागी जे जीव जगतात ना, ते..."

आणि ती सुटली. उठून फळ्याकडे गेली. तळं काढलं, गाळाचे थर काढले. आधी माझ्याकडे बघून आपल्या बोलीत, मग हळूहळू सगळ्यांकडे बघून इंग्रजीत. टकलाचे सर मध्ये काही विचारायला गेले तर म्हणाली, "सर, आधी माझं होऊ द्या." त्यांनी पेन खाली ठेवलं. मग चौघांनी विचारलं आणि तिने चौघांना सांगितलं. मला काही कळत नव्हतं, पण ती खेकड्यांवरून भांडते तशीच भांडत होती, एवढं कळत होतं.

ती थांबली तेव्हा चष्म्याचे सर म्हणाले, "आत्या म्हणजे?"

वैशालीचा हात तोंडावर गेला. त्याच क्षणी दाराला बाहेरून खांदा लागला आणि सलीमभाई रडणाऱ्या मिनूला घेऊन पडत आत आले. मिनूच्या अंगावर माझ्या सत्काराची शाल. तिने आधी वैशालीकडे हात केले, मग माझ्याकडे.

मी उभी राहिले. "मॅडम, चूक माझी. लेकराला गरम पाणी पाहिजे होतं."

"नाव मी लिहिलं, मॅडम," सलीमभाई म्हणाले. "त्या नाय म्हणत होत्या."

टकलाचे सर म्हणाले, "म्हणजे आजच्या नऊच्या नऊ मुलाखती बाद. समितीच नव्हती." बाहेर व्हरांड्यात दिलीप आणि बाकीचे काचेला नाक लावून उभे होते. "आधी यांचं नाव तज्ज्ञांतून कमी करू."

"त्याला ठराव लागतो," त्या बाई म्हणाल्या.

"करू ठराव."

"ठरावाला समिती लागते," पाटणकर मॅडम सावकाश म्हणाल्या. "समितीला पाच लागतात."

सगळ्यांनी मोजलं. मीही मोजलं. चौघं, आणि मी. माझं नाव कमी करायला माझीच सही लागणार होती.

"तुम्ही सही कराल?" मॅडमनी मला विचारलं.

"करा म्हणाल तर करते."

"करू नका," त्या म्हणाल्या. कागद पुढे ओढला आणि स्वतःच लिहायला लागल्या, मोठ्याने म्हणत. "उमेदवाराचं संशोधन जाणून असलेल्या तज्ज्ञांनी विषयाला धरून प्रश्न विचारला." मग चष्म्यावरून बाकी तिघांकडे पाहिलं. "आज दिवसभरात असा एकच विचारला गेला, आपल्यासकट." मग सलीमभाईंकडे वळल्या. "आणि तुम्ही. पुढच्या वर्षीच्या यादीत चौथा रकाना घाला. सांभाळणारी माणसं. गिझरसकट."

"व्हय मॅडम," सलीमभाई म्हणाले, आणि मफलरने डोळे पुसले. मिनूने चोखलेल्या टोकानेच.

उरलेल्या मुलाखती मी संध्याकाळपर्यंत घेतल्या. सगळ्यांना अठरा. वैशालीला वीस दिले, हातचे ठेवलेले तिच्यासाठीच होते हे मला तेव्हा कळलं.

परत आल्यावर

खऱ्या मुलाखतीला मी नव्हते. ती दुसऱ्या शहरात, आणि माझी खिचडी पाच दिवस दुसऱ्या बाईने करपवली होती. संध्याकाळी फोन आला. मी आधी मिनू कशी आहे विचारलं, कारण दुसरं विचारायची हिंमत होईना.

"आत्या, पाच जण होते. दार उघडंच होतं, पण खुर्चीवर बसली आन पुन्हा तसंच व्हायला लागलं. मंग घड्याळ दिसलं. साडेतीन वाजले होते. सगळ्यांचे चेहरे उतरलेले. मी म्हटलं, सर, आपण जेवलात का?"

"मग?"

"नोयते जेवले. सकाळपासून कोणीच विचारलं नोयतं म्हणे. मोठे सर हसले, बिस्किटं आणाले सांगतलं. बिस्किटं येईपर्यंत कोणी काही विचारत नोयतं, मंग मीच सांगाले लागली. त्याईले मले थांबवा लागलं, आत्या."

महिन्याने पत्र आलं. वैशाली प्राध्यापक झाली. आमच्या तळ्यावरची पहिली. गावात पेढे वाटले, सलीमभाईंना फोन लावला, त्यांनी तिला "मॅडम" म्हटलं आणि मला "मावशी".

परवा तिचा पहिला तास झाला. रात्री तिचा आवाज वेगळाच होता. म्हणाली, "आत्या, साठ पोरं. मी शिकवलं, मंग विचारलं, काई शंका? एकबी बोललं नाई. नुसते टुकूटुकू बघत बसले. माझ्यासारखेच, व."

"मग काय केलं?"

"मंग म्हटलं, कोण कोण जेवून नाई आलं, हात वर करा."

"कोणी केला?"

"अर्ध्यांनी."

आपल्या शाळेत खिचडी आठवीपर्यंतच असते.